तीव्र स्थूलता आणि सिझेरियनची भूल

बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) 40 किंवा त्याहून जास्त असलेल्या गर्भवतीला सिझेरियनसाठी दिली जाणारी भूल. उंची 150 सेंटिमीटर असेल, तर 90 किलो वजनालाच हा आकडा गाठला जातो. मुंबईत परळचे वाडिया प्रसूतिगृह, केईएम, शीव, नायर अशा मोठ्या रुग्णालयांत उपनगरांतल्या नर्सिंग होममधून जोखमीच्या गर्भवती पाठवल्या जातात. कळा सुरू झाल्यावर धावपळीत पाठवण्यापेक्षा सातव्या-आठव्या महिन्यातच भूलतज्ज्ञाची गाठ घालून देणे केव्हाही चांगले.

शक्यतो कमरेत इंजेक्शन देऊन, म्हणजे स्पायनल किंवा एपिड्युरल पद्धतीने, भूल देतात. आई जागी राहते, श्वास तिचा तीच घेते. अडचण जागा सापडण्याची असते. चरबीच्या थराखाली मणक्यांची टोके बोटांना लागत नाहीत. मग रुग्णाला बसवून, खांदे सैल सोडायला सांगून, सोनोग्राफीने मधली रेषा आणि खोली पाहतात. नेहमीची 9 सेंटिमीटरची सुई कधी कधी अपुरी पडते. म्हणून लांब सुई आधीच हाताशी ठेवतात. शस्त्रक्रिया लांबण्याची शक्यता असेल, तर औषध वाढवता यावे म्हणून एपिड्युरलची नळीही घालतात. ‘त्या सुईने कंबर जन्माची धरते’ ही भीती घरोघरी ऐकू येते. तिला आधार नाही. बाळंतपणानंतरची कंबरदुखी सुई न घेतलेल्यांनाही होते.

पूर्ण भूल द्यावी लागली, तर धोका श्वासाचा. फुप्फुसांतला प्राणवायूचा साठा गरोदरपणाने आणि वजनाने, दोन्हींनी घटलेला असतो. श्वास थांबताच रक्तातला प्राणवायू झपाट्याने उतरतो. जठरातले आम्ल फुप्फुसांत जाण्याची भीती वेगळीच. त्यासाठी आम्लविरोधी औषध आधी देतात. पाठीखाली चादरींची उतरण रचून कान छातीच्या हाडाच्या वरच्या खाचेच्या रेषेत आणतात, मास्कने पुरेसा प्राणवायू देतात आणि व्हिडिओ लॅरिंगोस्कोप (श्वासनलिकेत नळी घालताना घशाचा आतला भाग पडद्यावर दाखवणारे उपकरण) तयार ठेवतात. भूल कोणतीही असो, गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडून रक्तदाब घसरू नये म्हणून टेबल डावीकडे कलते करतात. पोट वर ओढून धरले की तो आणखी घसरू शकतो, हे सर्जननेही ध्यानात ठेवायचे असते.

नंतर पायांच्या शिरांत गुठळी होण्याची जोखीम राहते. बाळंतिणीला खाटेवरून उठूच न देण्याची माया इथे घातक ठरते. तिला लवकर चालते करावे लागते, गरजेप्रमाणे हेपारिन हे गुठळी रोखणारे औषध देतात. एपिड्युरलची नळी असेल, तर ती काढणे आणि हेपारिनचा डोस यांत वेळेचे ठरलेले अंतर पाळतात.