बारा जण आणि त्यांचे एकमत: अमेरिकेतील राज्य न्यायालयांच्या ज्यूरीची पार्श्वभूमी

ज्यूरीतील, म्हणजे खटला ऐकून निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळातील, बारा जणांचे एकमत झाल्याखेरीज आरोपीला दोषी ठरवू नये, ही रीत इंग्लंडमध्ये चौदाव्या शतकात रुजली आणि वसाहतींबरोबर अमेरिकेत पोहोचली. अमेरिकी राज्यघटनेच्या सहाव्या दुरुस्तीने १७९१ मध्ये निःपक्षपाती ज्यूरीचा हक्क दिला. मात्र ज्यूरीत किती जण असावेत आणि बहुमत पुरेल की नाही, याविषयी तिच्यात एक शब्दही नाही.

लुइझियानाने १८९८ च्या घटना परिषदेत देहदंडाचे खटले वगळून इतर गंभीर गुन्ह्यांसाठी बारांपैकी नऊ मते पुरेशी ठरवली. गोऱ्यांचे वर्चस्व प्रस्थापित करणे हा त्या परिषदेचा उघडपणे सांगितलेला हेतू होता. कृष्णवर्णीयांना ज्यूरीबाहेर ठेवणे अमेरिकी राज्यघटनेने अवघड केले होते, म्हणून ते ज्यूरीत बसले तरी त्यांच्या मताने निकाल अडू नये, अशी तजवीज झाली. तरतुदीच्या शब्दांत वंशाचा उल्लेख नव्हता, आणि मला वाटते, म्हणूनच ती इतकी वर्षे टिकली. १९७४ मध्ये नऊची दहा मते झाली, एवढाच काय तो बदल. ऑरेगॉनने १९३४ मध्ये दहा मतांचा नियम केला, तोही एका ज्यू आरोपीच्या खटल्यात एकाच सदस्याच्या विरोधामुळे खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाचा निकाल लागल्याने उसळलेल्या संतापातून.

ज्यूरीचा हक्क राज्यांवर बंधनकारक असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये दिला, पण लगेच १९७० मध्ये फ्लोरिडाची सहा जणांची ज्यूरी वैध ठरवताना बारा हा आकडा इतिहासातील योगायोग असल्याचे म्हटले. १९७२ मध्ये एकमताच्या प्रश्नावर न्यायमूर्तींची चार विरुद्ध चार अशी विभागणी झाली, आणि एकट्या न्यायमूर्ती पॉवेल यांच्या मताने केंद्रीय न्यायालयांना एकमत आवश्यक, राज्यांना मात्र नाही, अशी विसंगत स्थिती निर्माण झाली. पाच जणांची ज्यूरी १९७८ मध्ये, तर सहांपैकी पाच मतांचा निकाल १९७९ मध्ये घटनाबाह्य ठरला.

लुइझियानाच्या मतदारांनी २०१८ मध्ये आपला नियम स्वतःच बदलला. २०२० मध्ये रामोस खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ ची भूमिका सोडून गंभीर गुन्ह्यांत एकमत सर्व राज्यांना बंधनकारक केले. परंतु अपिले संपलेल्या जुन्या कैद्यांना त्याचा लाभ देण्यास २०२१ मध्ये नकार दिला. ऑरेगॉनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये आपल्या राज्यापुरता तो लाभ दिला.

संख्येचा प्रश्न मात्र तसाच आहे. ॲरिझोनातील आठ जणांच्या ज्यूरीला दिलेले आव्हान अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ऐकून घेतले नाही, तेव्हा रामोसचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती गॉर्सच यांनी असहमती नोंदवली. फ्लोरिडात देहदंडाखेरीजच्या फौजदारी खटल्यांत आजही सहाच जण बसतात.