एअर डेक्कन

एअर डेक्कन ही भारतातली पहिली लो-कॉस्ट विमान कंपनी. मूळची बंगळूरची, 2003 मध्ये सुरू झाली, 2008 मध्ये विजय मल्ल्यांच्या किंगफिशर या विमान कंपनीत गेली आणि 2017 च्या डिसेंबरात सरकारच्या उडान योजनेतून, म्हणजे छोटी शहरं विमानाने जोडायच्या योजनेतून, त्याच नावाने परत आली, तीही जळगाव-मुंबई मार्गावर. आज स्वस्त तिकीट म्हटलं की इंडिगोच आठवते, पण छोट्या गावाच्या माणसाला विमानात बसवायचं काम आधी डेक्कनने केलं आणि ते श्रेय तिला द्यायलाच हवं.

स्थापना कॅप्टन जी. आर. गोपीनाथ यांची. हे हासन जिल्ह्यातल्या गोरूरचे, सैन्यात होते, 1971 च्या युद्धात होते, नंतर नोकरी सोडून गावाकडे शेती केली, रेशीम केलं. सेंद्रिय शेतीसाठी त्यांना 1996 चा रोलेक्स पुरस्कारही मिळाला. मग सैन्यातले जुने मित्र कॅप्टन सॅम्युअल यांच्याबरोबर हेलिकॉप्टर भाड्याने द्यायचा धंदा काढला, डेक्कन एव्हिएशन. विमान कंपनी निघाली ती याच कंपनीतून, आणि ही गोष्ट लक्षात ठेवा कारण पुढे विलीनीकरणात हीच कंपनी महत्त्वाची ठरली.

ऑगस्ट 2003 मध्ये एटीआर ही छोटी विमानं घेऊन दक्षिणेतल्या छोट्या शहरांपासून सुरुवात झाली. त्याच वर्षी हैदराबाद-विजयवाडा मार्गाच्या उद्घाटनाच्या फ्लाइटला टेकऑफच्या वेळीच इंजिनला आग लागली, आत व्यंकय्या नायडूंसारखे पाहुणे आणि पत्रकार बसलेले, नव्या कंपनीसाठी याहून वाईट सुरुवात काय असणार, पण सगळे सुखरूप उतरले आणि कंपनी टिकली.

धंद्याचं गणित कळायला एटीआर कसं असतं ते बघावं लागतं. पंख्याचं, म्हणजे प्रोपेलरचं विमान, 48 ते 70 च्या आसपास सीट, पंख वर आणि खिडक्या खाली त्यामुळे कुठेही बसलं तरी जमीन दिसते, प्रवासी शेपटीकडच्या दारातून चढतात आणि सामान पुढे कॉकपिटच्या मागे जातं. जेटपेक्षा इंधन कमी लागतं, छोट्या रनवेवर उतरतं, आणि 80 पेक्षा कमी सीटच्या विमानाला सरकारने लँडिंग चार्ज माफ केला होता. म्हणजे हुबळीसारख्या ठिकाणी जिथे मोठं जेट रिकामं उडालं असतं तिथे हे भरून जायचं. मोठ्या शहरांसाठी नंतर एअरबस ए320 आली.

बाकी खर्च जिथे जिथे कापता येईल तिथे कापला. फुकट जेवण नाही, पाणीसुद्धा विकत, सीट नंबर नाही त्यामुळे जो आधी पोचेल त्याला हवी ती जागा, तिकीट म्हणजे प्रिंटआउट. पेट्रोल पंपावरसुद्धा तिकीट मिळायचं. आधी बुक करणाऱ्याला कमी भाडं, उशिरा येणाऱ्याला जास्त, आणि अधूनमधून टॅक्स सोडून 1 रुपयाची तिकिटं निघायची ती तर गावोगावी चर्चेत होती. जाहिरातीत आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन, हे चिन्ह त्या कंपनीला अगदी शोभलं. चार वर्षांत साठाहून जास्त शहरं जोडली गेली, पण फ्लाइट लेट व्हायच्या, रद्द व्हायच्या, लोक वैतागायचे, आणि तोटाही वाढत गेला कारण इतक्या वेगाने विमानं आणि पायलट आणायला पैसा सतत लागत होता. 2006 मध्ये आयपीओ काढला, म्हणजे लोकांना शेअर विकले, तरी पैसे पुरेनात.

2007 मध्ये विजय मल्ल्यांच्या यूबी ग्रुपने 155 रुपये शेअर दराने 26 टक्के हिस्सा घेतला, सुमारे 550 कोटींना, पुढे आणखी वाढवला. आता यात खरी गोम परदेशी उड्डाणांच्या नियमात आहे. तेव्हा परदेशात उडायला कंपनीला देशात 5 वर्षं पूर्ण आणि ताफ्यात 20 विमानं लागायची. किंगफिशर 2005 ची, तिला 2010 पर्यंत थांबावं लागलं असतं, पण डेक्कनची 5 वर्षं ऑगस्ट 2008 मध्ये भरत होती. म्हणून कागदोपत्री उलट झालं, किंगफिशरचा विमान धंदा डेक्कन एव्हिएशनमध्ये घातला आणि मग डेक्कन एव्हिएशनचंच नाव किंगफिशर एअरलाइन्स केलं. 3 सप्टेंबर 2008 ला बंगळूर-लंडन फ्लाइट सुटलीसुद्धा.

डेक्कनचं आधी सिम्प्लिफ्लाय डेक्कन झालं, मग किंगफिशर रेड. स्वस्त तिकीट आणि आलिशान सेवा एकाच घरात चालेनात. माझ्या मते डेक्कनचं नुकसान इथेच झालं, विकत घेणाऱ्याला हुबळी-कोल्हापूरपेक्षा लंडनची परवानगी जास्त हवी होती. सप्टेंबर 2011 मध्ये रेड बंद करायचं जाहीर झालं, ऑक्टोबर 2012 मध्ये किंगफिशरची सगळीच विमानं थांबली, आणि कोल्हापूरसारखी शहरं कित्येक वर्षं नियमित विमानाविना राहिली.

पुनर्जन्म उडानमुळे. या योजनेत तेव्हा तासाभराच्या प्रवासाला ठरावीक सीटवर 2500 रुपयांची कमाल मर्यादा होती, आणि तुटीची भरपाई सरकार द्यायचं. 23 डिसेंबर 2017 ला जळगाव-मुंबई मार्गावर बीचक्राफ्ट 1900डी उडालं, जेमतेम 19 जणांचं विमान, दोन्ही बाजूंना एकेकच सीट, म्हणजे प्रत्येकाला खिडकी. नाशिक आणि कोल्हापूरही जोडलं. जळगावकरांना रात्रभराच्या रेल्वेऐवजी तासाभरात मुंबई, याचं अप्रूप होतंच, पण मुंबई विमानतळावर स्लॉट, म्हणजे उतरायची-उडायची ठरलेली वेळ, मिळणं हीच मोठी अडचण, एवढ्या गर्दीच्या रनवेवर 19 सीटच्या विमानाला जागा कोण देणार, त्यामुळे सेवा नियमित राहिलीच नाही. एप्रिल 2020 मध्ये कोविडच्या लॉकडाउनमध्ये कंपनीने काम थांबवलं.

छोटी शहरं जोडायचं डेक्कनचं काम पुढे दुसऱ्या कंपनीने उचललं, मार्च 2024 मध्ये गोव्यातून फ्लाय91 सुरू झाली. तिचे प्रमुख मनोज चाको हे पूर्वी किंगफिशरमध्येच होते, विमानं एटीआरच, आणि सिंधुदुर्ग, जळगाव, सोलापूर ही तिच्या नकाशावरची शहरं.