पाऊस कात्रजला, पाणी दांडेकर पुलाला

पुण्यात पावसाळ्यात सगळ्यांना एक आकडा पाठ असतो, खडकवासला धरणातून किती क्युसेक (म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी) सोडलं. व्हॉट्सॲपवर दर तासाला फिरतो तो, भिडे पूल पाण्याखाली गेला की फोटो, मग धरण किती टक्के भरलं वगैरे. पण २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री जे झालं त्याला खडकवासल्याचा काही संबंध नव्हता. कात्रजच्या डोंगराकडे धो धो पाऊस झाला, तलाव भरून वाहिले आणि आंबिल ओढा सहकारनगर, अरण्येश्वर, दांडेकर पूल करत लोकांच्या घरात घुसला, गाड्या काड्यापेट्यांसारख्या वाहून गेल्या, भिंती पडल्या, पुणे आणि आसपास मिळून वीसहून जास्त माणसं गेली. आणि या ओढ्यातून त्या रात्री किती क्युसेक जात होतं हे कुठल्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर नव्हतं, कारण ओढ्याला आपण नदी मानतच नाही. गटार मानतो.

तर हा लेख त्या क्युसेकबद्दल आहे, थोडं गणित आहे पण पाचवीतलं आहे, घाबरू नका.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. बास, एवढंच लक्षात ठेवायचं. आता एक चौरस किलोमीटरचा उतार घ्या, त्याच्यावर तासाभरात ५० मिलिमीटर पडला, जोरदार पण पुण्याला अगदीच नवीन नाही असा पाऊस. झाले ५ कोटी लिटर. तो उतार गवताचा, झाडीचा, मुरमाचा असेल तर ढोबळ मानाने तीस टक्के पाणी पळतं, बाकीचं मातीत, पाल्यापाचोळ्यात, खळग्यांत अडकतं. तेच जर सिमेंटचे रस्ते, छपरं आणि पार्किंग असेल तर नव्वद टक्के पळतं. म्हणजे एकाच पावसात पहिल्या केसमध्ये ओढ्याला साधारण १५० क्युसेक आणि दुसऱ्या केसमध्ये ४४० च्या आसपास. पाऊस तोच, ओढा तोच, पूल तोच, पाणी तिप्पट. आणि हे फक्त एका चौरस किलोमीटरचं, डोंगराच्या माथ्यापासून नदीपर्यंत असे कितीतरी एकामागे एक लागलेले असतात.

पण खरी मेख किती पाण्यात नाहीये, कधी येतं त्यात आहे. विसर्जनाची मिरवणूक आठवा. लक्ष्मी रोड, केळकर रोड, कुमठेकर रोड, टिळक रोड, चारही रस्ते शेवटी अलका चौकात येतात. मंडळं एकामागून एक आली तर चौक निभावतो (रात्रभर का होईना), पण सगळी मंडळं सकाळी दहाच्या ठोक्याला चौकात हजर झाली तर काय होईल? माणसं तेवढीच आहेत, पण चौक फुटेल. ओढ्याचं तेच. पूर्वी डोंगरावरचं पाणी रमतगमत यायचं, गवतातून झिरपत, शेताच्या बांधावर थांबत, ओढ्याच्या वळणांना धडकत. आता प्रत्येक छपराला पाइप, पाइप गटारात, गटार ओढ्यात, आणि सगळं गुळगुळीत. जे पाणी चार-पाच तासांत विभागून यायचं ते आता तासा-दीड तासात एकदम चौकात.

ओढा सरळ केला की यात भरच पडते. वळण काढलं की तेवढीच उंची कमी अंतरात उतरायची, म्हणजे उतार वाढतो, वेग वाढतो, आणि दोन्ही बाजूंना काँक्रीटची भिंत असेल तर घर्षणही गेलं. ज्याच्या घराजवळ सरळ केला त्याचं पाणी लवकर निघून जातं हे खरंय, पण ते जातं कुठे? खालच्या वस्तीत. २०२१ मध्ये दांडेकर पुलाजवळ ओढा सरळ करण्यावरून, घरं पाडण्यावरून जो वाद झाला तो कुणाचं घर जाणार याचा होता आणि बरोबरच होता, पण त्यात पाण्याच्या वेगाबद्दल जेवढं बोलायला हवं होतं तेवढं कुणी बोललं असं मला वाटलं नाही.

या ओढ्याला वळवणं नवीन नाही म्हणा. नानासाहेब पेशव्यांच्या काळात आंबिल ओढ्यावर धरण घालून पर्वतीच्या पायथ्याला तळं केलं आणि ओढ्याचा प्रवाह बदलला. तळ्यातला गणपती म्हणतो आपण तो त्याच तळ्यातला, आज तिथे सारसबाग आहे. आणि वर कात्रजला तलाव बांधून तिथून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून दगडी नळानं पाणी आणलं, मध्ये मध्ये हवा खेळायला उच्छ्वास बांधले, काही अजून पेठांत दिसतात. आता गंमत बघा, अठराव्या शतकातल्या माणसानं वर पाणी अडवलं, मध्ये तळं ठेवलं, आणि मग शहरात आणलं. आपण तळ्याची बाग केली, आणि ओढ्याच्या पुराच्या जागेत सोसायट्या.

मग करायचं काय? याचं उत्तर महाराष्ट्रातल्या कुठल्याही दुष्काळी गावातल्या माणसाला झोपेतून उठवून विचारा, तो सांगेल. पाणलोट, म्हणजे पाणी जिथून वाहत येतं तो सगळा उतार. माथा ते पायथा. धावत्या पाण्याला चालायला लावा, चालत्याला थांबायला लावा, थांबलेल्याला जिरवा. डोंगरावर सलग समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत खणलेले), ओघळीत दगडी बांध, खाली गॅबियन (तारेच्या जाळीत दगड भरून केलेला बांध), त्याच्या खाली तळं. हिवरेबाजारपासून किती गावांनी हे केलं. तिथे पाणी हवं म्हणून केलं, शहरात पाणी एकदम नको म्हणून करायचं, पण काम तेच. शहरात मात्र आपण उलट, पायथ्यापासून सुरुवात करतो, म्हणजे जिथे पूर येतो तिथे भिंत आणि मोठा पाइप. आजार पोटात आणि मलम पायाला.

एक फरक मात्र आहे, तो सांगायला हवा. आपल्याकडे खाली बेसॉल्ट आहे, काळा पाषाण. डोंगरावर जेमतेम वीतभर माती, मग मुरूम, मग दगड. त्यामुळे शहरातलं सगळं पाणी जिरवू ही जी उत्साही भाषा असते ती जरा जपूनच. भेगा असतील तिथे पाणी चांगलं उतरतं, नसतील तिथे खड्डा केला की विहिरीसारखा भरून बसतो. शहरात जिरवण्यापेक्षा उशीर करणं जास्त महत्त्वाचं. तुमच्या हजार स्क्वेअर फुटाच्या छपरावर त्या ५० मिलिमीटरच्या तासात साडेचार हजार लिटरच्या वर पाणी पडतं, जवळजवळ अर्धा टँकर. मे महिन्यात ज्या टँकरसाठी आपण भांडतो त्याच्या अर्धा, एका तासात, फुकट. ते टाकीत दोन तास थांबवून नंतर हळूहळू सोडलं तरी ओढ्याचं काम झालं. ते जिरलंच पाहिजे असं नाही, पण तेवढ्या वेळात अलका चौक मोकळा झालेला असतो.

तळ्यांचं पण असंच, आणि इथे एक गोची आहे जी लोकांना पटकन लक्षात येत नाही. भरलेलं तळं पूर अडवत नाही. पूर अडवतं रिकामं तळं. सप्टेंबरच्या शेवटी सगळी तळी काठोकाठ, जमीन पिऊन पिऊन तुडुंब, अशा वेळी वर मोठा पाऊस आला की जेवढं आत तेवढं बाहेर. आणि काठोकाठ भरलेलं तळं सगळ्यांना आवडतं, फोटो छान येतात, पक्षी येतात, जॉगिंग ट्रॅकवाले खूष. पुरासाठी राखायचं असेल तर दर मोठ्या पावसाआधी पातळी थोडी खाली आणून ठेवायला लागेल, त्याला दार लागेल, दार उघडायला माणूस लागेल आणि त्याला कधी उघडायचं ते सांगणारं कुणीतरी लागेल.

सिंगापूरमध्ये कलांग नदीचं बिशान पार्कमध्ये जे केलं ते यातलं मला सगळ्यात आवडतं उदाहरण आहे. तिथे २.७ किलोमीटरचा सरळसोट काँक्रीटचा कालवा होता, आपल्या नाल्यासारखाच, दोन बाजूंना कठडे. २०१२ पर्यंत त्यांनी तो फोडून वळणावळणाची नदी केली, लांबी झाली ३.२ किलोमीटर. काठ दगड, झाडांच्या मुळ्या आणि गवतानं बांधले. कोरड्या दिवशी मधोमध बारीक पाणी आणि पोरं त्यात पाय बुडवून बसलेली, पाऊस आला की शेजारचं बागेचं मैदानच पात्र होतं. पाणी चढायला लागलं की दिवे आणि भोंगा, लोक बाजूला होतात. म्हणजे बाग पुराच्या जागेतच केली पण बुडायला तयार असलेली बाग. आपल्याकडे ओढ्याकाठी बाग करतात तेव्हा आधी भिंत बांधतात, आणि ओढ्याच्या पात्रातच ड्रेनेजची चेंबरं असतात, मोठा पाऊस आला की झाकणं उडून कारंजी. ते घाण पाणी आधी वेगळं केल्याशिवाय पोरांना पाय बुडवायला सांगणं म्हणजे पापच, आणि खर्चाचा मोठा भाग तिथेच जाणार.

हे सगळं करून मोठा पूर थांबेल का? नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला, त्याच्यापुढे चर, बांध, टाक्या सगळं फुंकर मारल्यासारखं. तशा दिवसासाठी ओढ्याच्या बाजूला जागाच मोकळी लागते, दुसरा उपाय नाही. पण वर्षातून चार-पाचदा रस्त्यावर गुडघाभर पाणी होतं ना, ते या कामांनी नक्की कमी होतं.

गेल्या वर्षी मी एक प्रयोग केला, घरी कुणी विचारलं नव्हतं तरी. तेलाचा पत्र्याचा डबा दोन्ही बाजूंनी कापला, सोसायटीच्या बागेत चार बोटं ठोकला, वर पाणी ओतलं आणि घड्याळ लावलं. जास्वंदीखालच्या मातीत अर्ध्या तासात पाणी चार बोटं उतरलं. मग तोच डबा पार्किंगच्या कडेला, जिथे रोज स्कूटर लागतात, तिथे ठोकायला गेलो तर आधी ठोकलाच जाईना, वॉचमन हातोडी घेऊन आला. तासाभरात एक बोटसुद्धा उतरलं नाही. दिसायला दोन्ही मातीच! तुडवलेली माती पाण्याच्या दृष्टीनं जवळजवळ सिमेंटच असते, त्यामुळे एवढी मोकळी जागा आहे आमच्याकडे असं कुणी म्हणालं की आता मी विचारतो, डबा ठोकला का?

मीटिंगमध्ये चेअरमन काकांचं म्हणणं, चिखल होतो, सगळीकडे ब्लॉक टाकून टाकू. खूप वाद झाला. शेवटी मांडवली अशी झाली की ब्लॉक टाकायचे पण कुंपणाकडची चार फुटांची पट्टी सोडायची, ती वीतभर खोल करायची, खाली खडी, वर माती, कर्दळ आणि अळू लावायचं, आणि कडेच्या विटांतल्या तीन विटा काढायच्या म्हणजे गेटकडे पळणारं पाणी आधी तिकडे वळेल. तीन विटा काढायला दोन रविवार गेले, कारण कुठल्या तीन यावर मतं होती.

पहिल्या मोठ्या पावसात सगळे गॅलरीत उभे. पाणी उतारानं आलं, गेटकडे निघालं, आणि विटांच्या फटीपाशी चक्क वळलं. सोबत पेट्रोलचा तवंग, गुटख्याच्या पुड्या, एक चप्पल. पट्टी भरली, मग वरचं पाणी गेटनं गेलं, पण पंधरा-वीस मिनिटं उशिरा. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी लगेच डासांची तक्रार केली. त्यांना सांगितलं की डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठवडाभर तरी साचलेलं पाणी लागतं आणि हे उद्या नसेल. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या स्वतः छत्रीच्या टोकानं चिखल टोचून बघत होत्या. पाणी नव्हतं. चप्पल मात्र अजून तिथेच आहे, कुणाची ते कळलेलं नाही.