वठलेल्या झाडाचा हिशेब : सुतार पक्षी आणि आपली वनव्यवस्था

सुतार पक्षी घरटे विणत नाही, ते लाकडात कोरतो. पण त्यासाठी त्याला कुठलेही लाकूड चालत नाही. बुरशीने गाभा भुसभुशीत झालेली फांदी किंवा उभे वठलेले झाड त्याला लागते. नर-मादी आळीपाळीने चोच चालवतात, बुंध्याशी ढलप्यांचा सडा पडतो आणि तिरप्या फांदीच्या खालच्या अंगाला तोंड ठेवल्यास पावसाचे पाणी ढोलीत शिरत नाही. (तांबूस सुतार मात्र झाडावरच्या मुंग्यांच्या नांदत्या घरट्यातच आपली ढोली कोरतो.) पुढच्या हंगामात याच जुन्या ढोल्यांत पिंगळे, पोपट आणि मैना संसार थाटतात. म्हणून एक वठलेले झाड तोडले जाते, तेव्हा नुकसान एकट्या सुताराचे होत नाही.

नेमके हेच झाड वनव्यवस्थेने शतकाहून अधिक काळ टाकाऊ मानले. मुंबई इलाख्यात १८४७ मध्ये डॉ. अलेक्झांडर गिब्सन वनसंरक्षक झाले, तेव्हा चिंता होती ती जहाजबांधणीच्या सागाची. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली आणि पुढे रुळांखालच्या स्लीपरांसाठी लाकडाची मागणी वाढतच गेली. १८६४ मध्ये डीट्रिख ब्रँडिस हे देशाचे पहिले वनमहानिरीक्षक झाले, तर १८७८ च्या कायद्याने राखीव वनांवर सरकारची पकड घट्ट केली. जर्मन वनशास्त्राच्या वळणाने आखलेल्या कार्य आयोजनांत, म्हणजे वनाच्या तोड-लागवडीच्या आराखड्यांत, जंगल कूपांमध्ये (पाळीपाळीने तोडायच्या तुकड्यांमध्ये) विभागले गेले. सरळसोट, निरोगी आणि एकाच वयाची झाडे हे उद्दिष्ट ठरले. विरळणीत, म्हणजे दाट झाडी पातळ करताना, वाकडे, पोखरलेले, रोगट झाड आधी काढायचे, हा त्यातला साधा नियम होता. लाकडाच्या दृष्टीने तो बरोबरच होता, पण ढोलीचा रकाना त्या हिशेबात कधी नव्हताच.

स्वातंत्र्यानंतरही ही दिशा फारशी बदलली नाही. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र वन विकास महामंडळाने मिश्र जंगलांच्या जागी सागाची लागवड केली. मोकळ्या, कोरड्या रानात रमणाऱ्या मराठा सुताराला, ज्याच्या शास्त्रीय नावातच महाराष्ट्र आहे, बांधावरची जुनी बाभूळही पुरते. पश्चिम घाटातल्या पांढऱ्या पोटाच्या सुताराचे तसे नाही. सुमारे ४८ सेंटिमीटर लांबीच्या या पक्ष्याची ढोली सामावेल एवढा जाड बुंधा तरण्या सागाजवळ नसतो, आणि तो तयार व्हायला अनेक दशके जातात.

१९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने पर्यावरणीय समतोलाला महसुलाच्या वरचे स्थान दिले. त्याहून थेट परिणाम करणारा, माझ्या मते, सर्वोच्च न्यायालयाचा १४ फेब्रुवारी २००० चा आदेश होता. राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्यांतून मेलेली, मरणासन्न, रोगट किंवा वाऱ्याने पडलेली झाडे हलवण्यास त्याने मनाई केली. पक्ष्यांसाठी म्हणून तो आदेश निघाला नव्हता, तरी त्याचा लाभ सुतारांना झाला. अभयारण्याबाहेरच्या कूपांत मात्र हे संरक्षण पोहोचत नाही. तिथे वठलेल्या झाडाचे भवितव्य अजूनही तोडीची खूण करणाऱ्या हातावर अवलंबून आहे.