अमेरिकेला जाताना सहा तास, येताना पूर्ण दिवस?

साताऱ्यात ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत अशा घरांत एक समज वर्षानुवर्षं फिरतो आहे: पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणून जाताना न्यूयॉर्क विमानाकडे येतं आणि येताना मुंबई पुढे पळते. हे चूक आहे.

पुरावा म्हणून तिकीट दाखवतात. हिवाळ्यात मुंबईहून रात्री 1 ला निघालेलं विमान सकाळी 6:30 ला न्यूयॉर्कला उतरतं. पण ती वेळ तिथली! न्यूयॉर्कचं घड्याळ तेव्हा आपल्या साडेदहा तास मागे असतं, म्हणजे प्रवास झाला 16 तासांचा. अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. ते साडेपाच तासांत कुठलंही प्रवासी विमान कापत नाही.

पृथ्वीबरोबर हवाही फिरते आणि त्या हवेत उडणारं विमानही. तसं नसतं, तर अजिंक्यताऱ्यावर तासभर स्थिर राहिलेलं हेलिकॉप्टर सुमारे 1,590 किलोमीटर पश्चिमेला, ओमानजवळच्या समुद्रावर पोहोचलं असतं.

खरा फरक उलटाच आहे: येताना वेळ सहसा कमी लागतो. साधारण 9 ते 12 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, हिवाळ्यात जास्तच. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. फेब्रुवारी 2020 मध्ये या वाऱ्यांच्या जोरावर एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोहोचलं होतं.

आईवडील पहिल्यांदाच एकटे निघणार असतील, तर त्यांच्या औषधांच्या वेळा तिकिटावरच्या घड्याळावरून नव्हे, प्रवासाच्या खऱ्या तासांवरून ठरवा.