वारा पाठीवर, मग सांबर कुठलं दिसणार?

राधानगरी अभयारण्यातल्या दाजीपूरला जाऊन आलेली मंडळी गव्याचे फोटो हौसेनं दाखवतात. सांबराचं विचारलं की मात्र ‘नाही बा दिसलं’ एवढंच उत्तर. गवा माणसाला बघून क्षणभर तरी उभा राहतो. सांबर तुम्ही पोहोचायच्या आधीच निघून गेलेलं असतं. जुन्या शिकाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं. बंदूक चालवणं हा शिकारीतला सगळ्यात छोटा भाग. खरं कसब जनावर हुडकण्याचं. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार हरणाची शिकार हा गुन्हा आहे, त्यामुळे बंदुकीचा विषय संपला. हुडकण्याचं कसब मात्र दुर्बीण घेऊन फिरणाऱ्यालाही तितकंच लागतं.

आधी नावांचा घोळ मिटवू. मराठीत आपण सगळ्यांनाच हरीण म्हणतो. कोल्हापूर संस्थानात पाळीव चित्ते मागे सोडून ज्याची शिकार व्हायची ते काळवीट. ते हरीण नव्हे, कुरंग. त्याची शिंगं आतून हाडाची, वरून खोळ असलेली आणि जन्मभर टिकणारी. खऱ्या हरणाच्या नराची शिंगं भरीव हाडाची असतात, दरवर्षी गळतात आणि मखमली कातडीखाली पुन्हा वाढतात. राधानगरीच्या रानात अशी खरी हरणं म्हणजे मुख्यतः सांबर आणि भेकर, म्हणजे भुंकणारं छोटं हरीण. पिसोरीही तिथे आहे. पण जेमतेम तीन किलोचं, बिनशिंगाचं हे जनावर वेगळ्याच कुळातलं. चितळांचे मोठे कळप बघायचे तर ताडोबा किंवा पेंच गाठावं.

आता वारा. नवखा माणूस इथंच हरतो, म्हणून यावर जरा थांबू. सांबराचं नाक त्याच्या डोळ्यांपेक्षा कितीतरी तिखट असतं. तुमच्याकडून वारा त्याच्याकडे गेला की कपडे कितीही हिरवे असोत, उपयोग शून्य. डोंगरात वाऱ्याची दिशा उन्हावर ठरते. रात्री उतार गार पडतो, त्याला लागून असलेली हवा थंड आणि जड होते आणि ओढ्याच्या वाटेनं खाली सरकते. सकाळी ऊन पडलं की तीच हवा तापून वर चढू लागते. म्हणून पहाटे तुम्ही जनावराच्या खालच्या अंगाला असावं आणि ऊन तापल्यावर वरच्या. संध्याकाळी सावली पडली की परत खाली. पूर्वेकडच्या उतारावर हा बदल लवकर होतो, खोल दरीत उशिरा. मधल्या अर्ध्यापाऊण तासात वारा घिरट्या घालतो. तेव्हा चालू नये, एका जागी बसावं. सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर, दुपारनंतर बहुधा कोकणाकडून वर येणारा वारा असतो, तिथं उताराचं गणित चालत नाही.

तपासायचं कसं? चुलीतली राख वस्त्रगाळ करून छोट्या बाटलीत भरावी आणि दर दहापंधरा मिनिटांनी चिमूटभर सोडून बघावी. टाल्कम पावडर नको, तिलाच वास असतो. काडी पेटवून धूर बघण्याचा विचारही नको, उन्हाळ्यात तर मुळीच नाही. अत्तर, डिओ, तंबाखू, गुटखा हे सगळं घरी ठेवून यावं.

डोळ्यांची गोष्ट वेगळी. हरणाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या, आपल्याकडे तीन. त्यामुळे केशरी आणि हिरवा यांत त्याला फारसा फरक कळत नाही. अमेरिकेत हरणांचे शिकारी भडक केशरी जाकीट घालतात ते यामुळेच: दुसऱ्या शिकाऱ्याला ते लांबून दिसतं, हरणाला नाही. निळा रंग मात्र हरणाला ठळक दिसतो. म्हणजे लाल टी-शर्टापेक्षा निळी जीन्स जास्त वाईट. पांढरेपणा वाढवणाऱ्या पावडरीत धुतलेले कपडेही त्याला चमकतात, कारण त्यातली द्रव्यं अतिनील किरण शोषून निळा प्रकाश बाहेर टाकतात. रंगापेक्षाही हालचाल घात करते. हात वर न्यायला तीन सेकंद घ्या.

कानांचं काय? माणसाच्या दोन पायांचा एकसारखा ताल रानात दुसऱ्या कुणाचा नसतो. तीनचार पावलं टाकून थांबावं, ऐकावं, पुन्हा चालावं. पानगळीनंतर पहाटेच्या दवात पाला ओला असतो तेवढाच वेळ आवाज कमी होतो. आणि कोल्हापुरी चपलेची करकर कितीही कौतुकाची असली तरी इथं मऊ तळाचे बूटच बरे.

ठसे बघायचे तर सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन तिरपं असताना, ठसा तुमच्या आणि सूर्याच्या मध्ये ठेवून. कडेची सावली पडते म्हणून खूर उठून दिसतो. डोक्यावर ऊन आलं की तोच ठसा नाहीसा होतो. शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवून फोटो काढा. त्याचा व्यास 27 मिलिमीटर. पिसोरीचा ठसा त्याहूनही लहान, भेकराचा तीनचार सेंटिमीटरचा, सांबराचा सात ते नऊ, गव्याचा त्याहून बराच मोठा आणि गोलसर. घोटाळा होतो तो रानडुकरामुळे. डुकराच्या ठशात मागच्या दोन छोट्या खुरांच्या खुणा बाहेरच्या बाजूला फाकलेल्या बहुधा दिसतातच; हरणाच्या त्या चिखलात किंवा पळतानाच उमटतात. ठशाची कड धारदार असेल आणि आतल्या मातीवर दव पडलेलं नसेल, तर जनावर पहाटेनंतर गेलेलं आहे.

लेंड्या ताज्या असतील तर काळपट हिरव्या, ओलसर चकाकीच्या. जुन्या झाल्या की निस्तेज आणि तडकलेल्या. सांबराची लेंडी साधारण दोन सेंटिमीटर, भेकराची त्याच्या निम्मी. झाडाची साल कमरेपासून छातीपर्यंत खरडलेली दिसली तर तिथं नरानं शिंगं घासली आहेत. गळलेलं शिंग सापडलं तर फोटो काढा आणि तिथंच राहू द्या. घरी आणणं बेकायदा आहे.

दुर्बीण 8 बाय 42 ची घ्यावी, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी आणि पुढचं भिंग 42 मिलिमीटरचं असलेली. 42 ला 8 नं भागलं की सव्वापाच मिलिमीटर येतात, तेवढ्या जाडीचा प्रकाशाचा झोत डोळ्यात शिरतो. 10 बाय 25 ची दुर्बीण खिशात मावते, पण झोत अडीच मिलिमीटरचा, म्हणून दिवेलागणीला तिच्यातून सांबर आणि खोड सारखंच दिसतं. आणि सांबर बाहेर पडतं ते नेमकं त्याच वेळी. दुपारभर ते सावलीत रवंथ करत बसतं. पूर्ण जनावर शोधू नका. उभ्या खोडांमधली पाठीची आडवी रेघ किंवा हलणारा कान शोधा.

पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं. एरवी पायी जायचं तर वनखात्याची परवानगी आणि स्थानिक वाटाड्या सोबत हवा, विशेषतः गव्यांमुळे. एकटा नर गवा वाटेत दिसला तर मागच्या मागे सरका, फोटोसाठी अंतर कमी करू नका.

बसल्या जागी अचानक ‘पोंक’ असा मोठा भोंग्यासारखा आवाज आला तर ते सांबर आहे. भेकर कुत्र्यासारखं भुंकतं, कधी कधी अर्धा-पाऊण तास. अशा वेळी राखेची बाटली काढा. राख आवाजाच्या दिशेनं गेली तर तो इशारा तुमच्यासाठीच आहे. उलट आली तर हलू नका, त्या झाडीत बिबट्या किंवा रानकुत्री असण्याची शक्यता आहे.