एबी फॉर्म आणि दुपारचे तीन

अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कचेरीबाहेर एकच प्रश्न फिरत असतो: ‘एबी आला का?’ म्हणजे, पक्षाच्या तिकिटाचा कागद आला का? गुलाल, ढोलताशे, शक्तिप्रदर्शन सगळे आटोपलेले असते. उमेदवार मात्र फोनला चिकटलेला, आणि नजर घड्याळावर. तीन वाजता दार बंद होते. तीनच्या आत जे आत शिरले त्यांचेच अर्ज घेतले जातात, मग रांग कितीही लांबो.

‘एबी फॉर्म’ हा शब्द मुळात गोंधळाचा. असा एक कागद नाहीच. नमुना अ आणि नमुना ब असे दोन आहेत. ‘अ’मध्ये पक्ष कळवतो की तिकीट देण्याचा अधिकार कोणत्या पदाधिकाऱ्याला आहे, आणि त्याच्या सहीचा नमुना देतो. तो पदाधिकारी मग ‘ब’मध्ये उमेदवाराचे नाव लिहितो, सोबत पर्यायी उमेदवाराचेही. आपल्याकडे दोन्ही एकाच लिफाफ्यातून येतात म्हणून जोडशब्द रूढ झाला. कर्नाटकात याला नुसते ‘बी फॉर्म’ म्हणतात. सही शाईचीच लागते; रबरी शिक्का चालत नाही, फॅक्सही नाही. मोबाइलच्या जमान्यातही हा कागद कुणाच्या तरी खिशातून प्रवास करतो तो यामुळे.

1951च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात अर्ज उमेदवाराचा असतो; त्याचे नाव सुचवून अर्जावर सही करणारा मतदार म्हणजे सूचक. पक्षाचा हक्क आला तो चिन्हाच्या वाटेने, निवडणूक आयोगाच्या 1968च्या चिन्ह आदेशातून. त्या आदेशात पक्षाने आपला उमेदवार कळवण्याची मुदत होती अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत. म्हणजे एकाच पक्षाचे चार इच्छुक अर्ज भरत, छाननी होई, रुसवेफुगवे होत, आणि माघारीच्या दिवशी चिन्ह एकाच्या पदरात पडे. पक्षाला विचाराला सवड मिळे. इच्छुकालाही.

पुढे ही मुदत अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी तीनवर आणली गेली. या बदलाची जेवढी व्हायला हवी होती तेवढी चर्चा झाली नाही. 1996च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरेसा ठेवला, बाकीच्यांना दहा. आता छाननीच्या टेबलावर एक सूचक असलेला अर्ज आला, तर तो वैध की अवैध? पक्षाचे पत्र माघारीपर्यंत येणार असेल तर अधिकाऱ्याने ठरवायचे कसे? मुदत अलीकडे ओढण्यामागचे हे तर्कशास्त्र पटते. पण तिचा उपयोग पक्षांनी वेगळाच केला. यादी शेवटच्या रात्रीपर्यंत दाबून ठेवायची, म्हणजे नाराज माणसाला दुसऱ्या पक्षाचे दार ठोठावायला वेळच उरत नाही. बंडखोरी रोखण्याचे याहून स्वस्त हत्यार नाही. जाणता इच्छुक त्यावर उतारा म्हणून दोन अर्ज भरतो: एक पक्षाच्या नावाने, दुसरा दहा सूचकांसह अपक्ष. कायदा चार अर्जांपर्यंत मुभा देतो.

1985च्या पक्षांतरबंदीने या कागदाचे वजन आणखी वाढवले. ज्या पक्षाने उभे केले, त्याच पक्षाचा सदस्य मानायचे असे राज्यघटनेची दहावी अनुसूची सांगते. आमदाराला पाच वर्षे व्हिप (पक्षादेश) कुणाचा, हेही ‘ब’ नमुन्यावरच्या सहीने ठरते.

जानेवारी 2023मध्ये नाशिक पदवीधर मतदारसंघात काँग्रेसने जाहीर केलेल्या उमेदवाराने अर्जच भरला नाही. त्याच्या मुलाने अपक्ष म्हणून भरला आणि निवडून आला. पक्षाने पाठवलेले एबी फॉर्म भलत्याच मतदारसंघांचे होते, असा मुलाचा दावा होता. 29 ऑक्टोबर 2024ला, विधानसभेच्या अर्जाच्या शेवटच्या दिवशी, देवळाली आणि दिंडोरीसाठी शिंदे यांच्या शिवसेनेचे एबी फॉर्म नाशिकला हवाई मार्गाने पोचले. त्याच दुपारी मानखुर्द शिवाजीनगरमध्ये अपक्ष अर्जही भरून ठेवलेल्या एका माजी मंत्र्याने पक्षाचा फॉर्म दाखल केला तो 2 वाजून 55 मिनिटांनी, मित्रपक्षाचा उघड विरोध असताना. देवळालीत शिवसेनेच्या मित्रपक्षाचा उमेदवार आधीच होता, तरी हवाई मार्गाने आलेल्या फॉर्मवरचे चिन्ह मतदान यंत्रावर राहिलेच. पक्षाला उमेदवार बदलायचा झाला तर पहिला ‘ब’ नमुना रद्द करण्याचे पत्रही त्याच तीनच्या आत द्यावे लागते. चार नोव्हेंबरच्या माघारीपर्यंत कितीही समेट झाला, तरी उमेदवार स्वतः मागे हटला नाही तर पक्षाला चिन्ह काढून घेता येत नाही.

एकाच जागेसाठी दोघांना ‘ब’ नमुना दिला गेला आणि खरा कोण हे पक्षाने कळवलेच नाही, तर काय? चिन्ह आदेशाचे उत्तर सरळ आहे: ज्याचा अर्ज आधी दाखल झाला तो. फॉर्म हातात पडला की उमेदवार मिरवणूक सोडून धावत सुटतो, तो म्हणूनच.